विशेष आभार

ताईने डब्याचं झाकण उघडलं, चिमट्याने नखाएवढी एक पट्टी उपसून काढली आणि झाकणाचे स्क्रू पुन्हा आवळले. मंचावर झाडलोट चालू होती. कुणाचं लक्ष नव्हतं. ताईकडे तसंही कुणाचं लक्ष नसे.

डबा मूळचा बिस्किटांचा. आतला सगळा कारभार मात्र ताईच्या हातचा: मोडीत निघालेल्या रेडिओंचे सुटे भाग आणि फक्त तिलाच कळणारा तारांचा गुंता. धाकटी माइकसमोर गायची, तिचा आवाज डब्यात शिरायचा आणि गुरगुरत, थरथरत स्पीकरमधून बाहेर पडायचा. जोडीला ती पाणी भरलेल्या काचेच्या वाडग्यांच्या कडेवरून ओलं बोट फिरवत एकच सूर लांबवायची. लोक डोळे मिटून ऐकायचे. न कळणाऱ्या गोष्टीपुढे डोळे मिटणं सभ्य दिसतं.

आजच्या पत्रिकेत ‘संकल्पना, वाद्यनिर्मिती आणि गायन’ या तिन्हींपुढे धाकटीचं एकटीचं नाव होतं. ताई शेवटच्या पानावर, ‘विशेष आभार’मध्ये, खुर्च्यावाले आणि पार्किंगवाले यांच्या मधोमध. छापणाऱ्याने जागा वाचवली, असं धाकटीचं म्हणणं. वाचवायला त्याला नेमकी ताईचीच जागा सापडली होती.

ती पट्टी सात वर्षांचं गुपित होती. पहिल्या कार्यक्रमात सर्दीमुळे धाकटीचा सूर उतरला, तेव्हा ताईने तिला न सांगताच ती बसवली. उतरलेला सूर पट्टी हळूच वर उचलायची. पुढे वर्तमानपत्रांतून धाकटीच्या अचूक सुराचं कौतुक छापून येऊ लागलं. डब्यात शिरणारा सूर उतरलेलाच असतो, हे मात्र ताई दर तालमीला ऐकत होती. आज झाकली मूठ उघडणार होती. त्यासाठी ताईने पहिल्या रांगेतली खुर्ची धरली.

वाडगा घुमू लागला. धाकटीने सूर लावला, स्वच्छ उतरलेला. पहिल्या रांगेतले दोन डोळे उघडले. ताईने पायावर पाय टाकला.

मग धाकटीची भुवई किंचित वर गेली. त्याच श्वासात तिचा सूर सावकाश चढला आणि काचेच्या सुरात असा मिसळला, की वाडगा कुठला नि बाई कुठली हे कळेना. तासभर सूर तिथून हलला नाही. शेवटी लोक उभे राहिले. ताईलाही उभं राहावं लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी खुशीत होती.

“ताई, आज तुझा डबा शहाण्यासारखा वागला गं. सात वर्षं मेला सूर चढवायचा. मी आपली खाली लावून लावून जुळवून घ्यायचे.”

“बोलली का नाहीस?”

“तुला केवढं कौतुक त्याचं. म्हटलं, जाऊ दे, सांभाळून घेऊ.”

ताईने वायरची गुंडाळी सोडली आणि पुन्हा तशीच गुंडाळली.

धाकटी आरशात बघत बोलत राहिली. उद्याचा कार्यक्रम मोठा होता, परगावचे जाणकार येणार होते, आधी मुलाखतही होती.

“हा डबा मी कसा बनवला, ते विचारतील. दोन ओळी लिहून दे ना. सोप्या दे हं, माझ्या तोंडी बसतील अशा.”

ताईने कागद मागून घेतला आणि वळणदार अक्षरात दोन ओळी लिहून दिल्या. धाकटीने त्या दोनदा वाचल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

“आणि उद्या आजच्यासारखाच सूर लावणार आहे मी, सरळ. डबा असाच ठेवशील ना?”

“बघते,” ताई म्हणाली.