शेवटच्या अंघोळीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बादली आहे, आणि मी तीनशे वर्षांची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण छिंगशी नदीकाठच्या आमच्या गावात माझ्या अंगावर तशी पाटी लावलेली होती. ‘राजघराण्यातील प्राचीन बादली, वय तीनशे वर्षे.’ येणारेजाणारे ती पाटी वाचायचे, तोंडाचा चंबू करायचे आणि माझे फोटो काढायचे. खोटे बोलायलाही काही सुमार असतो की नाही? मी पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे, आणि कुठल्याही राजाशी माझा काडीचा संबंध आलेला नाही. मी एका टोफूवाल्याच्या घरची बादली आहे.

माझा जन्म एका लग्नासाठी झाला. वरच्या डोंगरातली एक मुलगी आमच्या गावातल्या शियांग दफू नावाच्या तरुण टोफूवाल्याला द्यायचे ठरले. तिच्या वडिलांनी परसातले एक सरळसोट झाड तोडले आणि सुताराला घरी बोलावून बादल्यांची जोडी करवून घेतली. त्या सुताराने एकही खिळा वापरला नाही. फळ्या एकमेकींना अशा घासून बसवल्या की मधून केससुद्धा जाऊ नये. मग बाहेरून बांबूचे वेढे ठोकून घातले आणि तुंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल चोळून आम्हाला पिवळेधमक केले. आम्ही दोघी बहिणी कावडीच्या दोन टोकांना लटकून सासरी आलो. माझी बहीण पुढे एका पुरात वाहून गेली. ती सुटली, असे हल्ली मला कधी कधी वाटते.

दफूचे घर अगदी घाटावर होते. उजाडले की ती नवी सून आम्हाला घेऊन नदीवर जायची. आमच्या घाटाचा एक नियम होता आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता. आधी पिण्याचे पाणी भरायचे, मग भाज्या धुवायच्या, आणि कपडे सगळ्यात शेवटी.

“अगं ए, आधी पाणी भरू दे, मग बुडव तुझे मुळे!” ती ओरडायची.

“भर बाई, भर! तुझा टोफू घरी रडत असेल,” भाजीवाली म्हणायची, पण बाजूला सरकायची.

त्या पाण्यात सोयाबीन भिजायचे, जात्यावर दळले जायचे, आणि सकाळी गरम दुधाचा वास थेट पुलापर्यंत जायचा. पंग युनशान नावाचा तरणाबांड नावाडी रोज आमच्या दारात वाडगा घेऊन उभा राहायचा. “वहिनी, साय वरची घाला हं!” असे हक्काने सांगायचा. नवी सून आई झाली, तेव्हा तिसऱ्या दिवशी बाळाला अंघोळ घालायला नदीचे पाणी माझ्यातूनच आले. त्यात दवण्यासारख्या वासाचा पाला उकळला होता. घरात आलेल्या प्रत्येक बाईने, म्हाताऱ्याने माझ्यात एकेक पळी पाणी घालून बाळाला आशीर्वाद दिला. बाळाचे नाव लिनशंग ठेवले. तेव्हा दफू माझ्या कडेवर थाप मारून म्हणाला होता, “आमच्या घरातलं येणंजाणं हिच्यातूनच होणार.” इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग नळ आले. नळाला मी दोष देत नाही. आजीच्या खांद्यावर कावडीने घट्टा पडला होता, तिला विसावा मिळाला. (हो, मित्रांनो, तोवर ती नवी सून शियांग आजी झाली होती.) मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेले आणि माझ्यात कधी तांदूळ, कधी कोबी राहू लागला. म्हातारपण म्हणून ते मला चालले असते. राग आहे तो त्यानंतरचा.

आमचे गाव सुंदर आहे, असा बाहेरच्यांना शोध लागला. गावाची व्यवस्था बघायला एक कंपनी आली. तिने पहिल्या वर्षी दफूची चूल बंद केली, कारण चुलीचा धूर गावाच्या जुनेपणाला शोभत नाही म्हणे! चूल खरोखरच जुनी होती, तरी शोभत नव्हती. तिच्या जागी कंपनीने चौकात एक खोटे जाते बसवले. त्यातून वीज लावून पांढरे पाणी फिरवतात, आणि ते पिता येत नाही. घाटावर फाटक आले, फाटकाला तिकीट आले, कारण तिथून आता होड्यांच्या फेऱ्या सुटतात. धुण्याच्या दगडांवर बायकांना बसायची बंदी झाली. मात्र भाड्याचे चांदीचे मुकुट घालून कोरडे कपडे बडवणाऱ्या पोरींना तिथे बसता येते, त्यांचे फोटो निघतात. आमचा पंग युनशान होडी सोडून कंपनीची निळी टोपी घालून त्याच फाटकावर उभा राहिला. पोट कुणाला चुकले आहे?

घराचा पुढचा भाग गे नावाच्या एका परगावच्या माणसाने हॉटेलासाठी भाड्याने घेतला. आजी आणि दफू मागच्या खोलीत राहिले. गे महाशयांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला दारात ठेवले, पाटी लावली, माझ्यात माती भरली आणि जांभळी फुले लावली. आणि मुळांना पाणी साचू नये म्हणून यंत्राने माझ्या तळाला तीन भोके पाडली. विचारलेसुद्धा नाही. माझ्या सुताराने ज्या तळातून थेंब जाऊ दिला नव्हता, त्याला भोके! शिवाय रस्त्याने जाणारे माझ्या मातीत सिगारेटी विझवायचे, ते वेगळेच.

गेल्या वसंतात एका सकाळी भाताची पेज दोन घोट पिऊन दफू गेला. लिनशंग शहरात ट्रक चालवतो, पण वडिलांचे बरे नाही म्हणून तो घरीच आलेला होता. डोळे पुसून आजी त्याला म्हणाली, “जा, पाणी घेऊन ये.”

आमच्याकडे गेलेल्या माणसाला नदीच्या पाण्याने अंघोळ घालतात. मुलाने घाटावर जायचे, उदबत्ती लावायची, नदीला नाणे द्यायचे आणि पाणी मागून आणायचे. एकदाच मागायचे. सांडले म्हणून परत जायचे नाही.

“आई, तिथं फाटक आहे. आता होड्यांची वेळ झालीय,” लिनशंग खालच्या आवाजात म्हणाला. “बाटलीतलं झऱ्याचं पाणी आणतो ना, चांगलं असतं.”

“बाटलीतलं? तुझा बाप काय इथं फिरायला आला होता?”

त्याने मोरीतली प्लास्टिकची बादली उचलली. ती लालभडक होती.

“लग्नाचा लाल रंग घेऊन जाशील? बापाला? ठेव ती खाली!”

आणि आजी तरातरा पुढच्या दारी आली. तिने मला दोन्ही हातांनी धरून रस्त्यावर पालथे केले. माती, फुले, सिगारेटींची थोटके, सगळे गे महाशयांच्या पायरीवर पडले.

“अहो आजी! अहो, हे काय? गिऱ्हाइकं बघतायत!” गे धावत आले.

“बघू दे. माझीच बादली आहे.”

मित्रांनो, किती वर्षांनी तिचा हात माझ्या मुठीला लागला! पण मला आनंद झाला नाही. माझ्या तळाची भोके चिखलाने बुजलेली होती, ती तिला दिसली नव्हती आणि मला सांगता येत नव्हते.

डोक्याला पांढरे फडके बांधून लिनशंग पुढे आणि आजी मागे, असे आम्ही घाटावर गेलो. फाटकापाशी फिरायला आलेल्यांची ही मोठी रांग होती. पंगने आम्हाला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

“वहिनी… दफूदादा?”

“हो. सकाळी.”

“अरेरे.” त्याने इकडेतिकडे पाहिले. “पण वहिनी, तिकिटाशिवाय कुणालाच सोडायचं नाही, सक्त ताकीद आहे. वर कॅमेरा आहे. मी तिकडं ऑफिसात विचारून बघू का?”

“तुझी आई गेली तेव्हा पाणी कुठून नेलंस, युनशान?”

“इथूनच.”

“कुणाला विचारलं होतंस?”

 पंगने फाटक उघडले.

लिनशंग पायरीवर गुडघे टेकून बसला. त्याने उदबत्ती लावली. मग नाणे पाण्यात टाकले, आणि तेवढ्यात मागून कर्ण्यातून आवाज आला. झेंडा घेतलेली एक मार्गदर्शक बाई सांगत होती, “मंडळी, नशीबवान आहात तुम्ही! हा इथला खास पारंपरिक विधी!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरेच सांगते, टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी पूर पाहिले, दुष्काळ पाहिला, पण रडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे टाळ्या वाजलेल्या पहिल्यांदाच ऐकल्या.

चांदीचा मुकुट घातलेली एक पाहुणी मुलगी पायऱ्या उतरून खाली आली आणि लिनशंगला गोड आवाजात म्हणाली, “दादा, पुन्हा एकदा टाका ना नाणं. माझा फोन चालूच नव्हता.”

आजी तिच्याकडे वळली. “पुन्हा? आधी मला दुसरा नवरा आणून दे, मग दाखवते पुन्हा.”

ती मुलगी आधी हसली. मग तिला लिनशंगचे ओले डोळे दिसले आणि तिचा चेहरा पडला. तिने मुकुट काढून हातात घेतला. तिच्या मागचे लोक मात्र फोन वर धरूनच होते.

लिनशंगने मला पाण्यात बुडवून वर उचलले आणि तळातून तीन धारा लागल्या.

“आई! ही गळतेय!”

आजीने खाली वाकून पाहिले. भोकांच्या कडा गोल आणि गुळगुळीत होत्या, कुजून पडलेली नव्हती ती. तिच्या लक्षात आले. तिचे तोंड असे घट्ट मिटलेले मी कधीच पाहिले नव्हते. परत पाणी मागता येणार नव्हते. मी इतकी वर्षे त्या घराचे पाणी वाहिले, आणि ज्या दिवशी मी हवी होते त्याच दिवशी फुटक्या मडक्यासारखी गळत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

तेव्हा पंग धावला. त्याने डोक्यावरची निळी टोपी काढली, चुरगळून माझ्या तळाशी दाबली आणि खालून हात लावला. “चल रे लिनशंग, पाय उचल! थांबू नकोस!” रांगेतल्यांना तो ओरडला, “बाजूला व्हा! वाट द्या!” फाटक उघडेच राहिले. दोघे वाकून, माझ्याबरोबर तिरके तिरके धावत पायऱ्या चढले. आजी मागून एकच म्हणत होती, “सांभाळा रे, सांभाळा.”

घरी पोचलो तेव्हा माझ्यात वीतभर पाणी उरले होते. दफूचा चेहरा, हात आणि पाय धुवून झाले. छातीपर्यंत फडके फिरवून झाले. पुरले, पण जेमतेम पुरले.

पंगला कंपनीने फाटकावरून काढून गाड्यांच्या तळावर झाडलोट करायला लावले. आठवड्याभराने कंपनीचा एक साहेब आजीकडे फळांची टोपली घेऊन आला. तो पाणी मागण्याचा कार्यक्रम लोकांना फार आवडला, रोज सकाळी कराल का, मानधन देऊ, असे म्हणाला. आजीने टोपली त्याच्या हातात परत दिली आणि दार लावले. गे महाशय कुंडी परत मागायला आले, तेव्हा तिने दारच उघडले नाही.

त्या दुपारी ती मला मांडीवर घेऊन बसली. दफू ज्या काड्यांनी जेवायचा, त्या तिने सुरीने तासल्या आणि त्यांच्या खुंट्या करून माझ्या तळाच्या भोकांत ठोकल्या. मग काठोकाठ पाणी भरून मला कोपऱ्यात ठेवले. दोन दिवसांत लाकूड फुगले आणि गळती थांबली. तिने तळाखाली हात फिरवून पाहिला. तो कोरडा निघाला.

“माझ्या वेळी गळू नकोस हं, बाई,” ती म्हणाली.

तेव्हापासून ती मला कधी रिकामी ठेवत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मलाही जपलेच होते, फुले लावून. एवढेच सांगते, की कुणाच्या घरची वस्तू उचलून दारात मांडण्याआधी त्या घराला विचारा. आणि तुम्ही आमच्या गावी जरूर या. पण तुम्ही घाटाच्या रांगेत उभे असताना लिनशंग पांढरे फडके बांधून, मला घेऊन फाटकाशी आला, तर ते पाणी आजीसाठी असेल. तेव्हा फोन खिशात ठेवा आणि त्याला वाट द्या.