तीन फुल्यांनंतर

"अहो, पुढचं पान कुठंय?"

बायकोने हे अशा आवाजात विचारलं, जणू ते पान मीच फाडून कुठेतरी दडवून ठेवलं होतं. मी खाली दुकानात एका जुन्या शिलाई मशीनचं पोट उघडून बसलो होतो. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. ती अंक छातीशी धरून जिना उतरून आली होती, आणि तिच्या पायात एकच चप्पल होती.

"कुठलं पान?"

"माझ्या गोष्टीचं. शेवटचं."

मी मान वाकडी करून पाहिलं. डाव्या पानावर तळाशी गोष्ट संपली होती. 'तिने कडी काढली, एकदा मागे वळून पाहिलं आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.' त्याखाली तीन फुल्या. उजव्या पानावर गाद्यांच्या कारखान्याची जाहिरात होती आणि त्यात एक बाई गाढ झोपली होती.

"मग, संपली की," मी म्हटलं.

"संपली? अहो, ती परत येते! तुम्हाला वाचून दाखवली होती ना? ती परत येते म्हणून तर मी लिहिली गोष्ट!"

घोटाळा कसा झाला ते तिच्याच लक्षात आलं. गोष्टीत मध्येच काळ बदलायचा असला, की ती तीन फुल्या मारते. त्या मासिकात मात्र गोष्ट संपली की तीन फुल्या छापतात. पानं लावणाऱ्याने फुल्या पाहिल्या, गोष्ट संपली असं समजून उरलेलं पान बाजूला ठेवलं आणि त्या झोपलेल्या बाईला आणून निजवलं. त्याला तरी काय बोलणार?

आता माझ्या बायकोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती स्वतः सांगणार नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काउंटरला बसते. नंबर पुकारते, लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते आणि थेंब मुरेपर्यंत डोळे मिटून बसलेल्या माणसांकडे टक लावून बघत राहते. डोळे मिटलेला माणूस खोटं तोंड करू शकत नाही, असं तिचं म्हणणं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती गोष्टी लिहिते. बहुतेक परत येतात. परतीच्या पाकिटावर आपला पत्ता आपणच लिहून द्यायचा असतो. त्यामुळे स्वतःच्या अक्षरातलं पाकीट स्वतःच्याच दारात येऊन पडतं, आणि ते उघडण्याआधीच आत काय आहे ते कळलेलं असतं. असा अपमान दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेलसं मला वाटत नाही.

गोष्ट परत आली की ती ओटा घासते. नुसता ओटा घासत राहते. मग हात पुसून तीच गोष्ट स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवते आणि दुसरीकडे पाठवते. आमचा ओटा आरशासारखा चकाकतो आणि पाहुणे त्याचं कौतुक करतात. त्याचं श्रेय संपादक मंडळींचं आहे हे त्यांना कुठे ठाऊक?

बाकीचे हाल तर विचारूच नका. माझी थोरली बहीण दोन गोष्टींपूर्वी रुसली ती अजून आलेली नाही. गोष्टीतली चोंबडी नणंद आपणच, असं तिचं ठाम मत आहे. तिचा नवरा भेटला की म्हणतो, "सुचतं हो मलाही खूप, पण वेळ कुठंय?" जणू आमच्याकडे वेळ पोत्याने उतरवतात. दवाखान्यातले पेशंट तिला विचारतात, "अजून लिहिता का?" खोकला अजून आहे का, असं विचारावं तसं. ती हसते आणि म्हणते, "मान वर करा, थेंब घालते."

या सगळ्याला ती पुरून उरली होती. पण हे प्रकरण वेगळं होतं, कारण ती गोष्ट आईची होती.

माझे वडील अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळले ते पुढे बरीच वर्षं तसेच होते. त्यांचं सगळं आई करायची. कूस बदलायची, पुसायची, भरवायची. माझं लग्न झालं ते याच दिवसांत. एका दुपारी आईने चादर बदलली, हात धुतले आणि कुणाला काही न सांगता दार उघडून निघून गेली. नव्या नवरीने ते पाहिलं, पण विचारलं नाही. दिवेलागणीला आई परत आली, पदर खोचला आणि वडिलांची कूस बदलली. ती कुठे गेली होती ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बायकोने ती दुपार इतकी वर्षं मनात ठेवली आणि मग लिहिली. माझ्या आईला कुणी कधी एवढं नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात मीही आलो.

आणि छापून आलं ते असं, की आई गेली ती गेलीच.

आईला वाचता येतं. सावकाश, भिंग धरून, पण शेवटपर्यंत वाचते. त्या दिवशी दुपारी तिने गोष्ट वाचली, अंक घडी करून ठेवला आणि जेवण झाल्यावर आपलं ताट आपण घासलं. आमच्या घरात याचा अर्थ एकच. आई भांडत नाही, आपलं ताट आपण घासते.

"आई, अहो, शेवटचं पान राहिलंय," बायको म्हणाली. "हे बघा, माझ्या हातचं आहे. तुम्ही परत येता त्यात."

आईने त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाताने काय, आत्ता बसून लिहिलं असशील. छापलं ते चार लोक वाचतात. समोरची येऊन विचारून गेली मला, 'काय हो, कधी गेला होतात सोडून? आम्हाला पत्ताच नाही!'"

बायकोने ओटा घासला. मग संपादकांना फोन लावला.

"अहो बाई, तुम्हीच तर सांगताय म्हणून कळलं!" संपादक म्हणाले. "पण काय बिघडलं? पत्रं येताहेत. काय तो शेवट, म्हणताहेत! अर्ध्यावर सोडायला धाडस लागतं."

"मी सोडलेलं नाही. तुमच्या माणसाने सोडलंय. पुढच्या अंकात ते पान छापा."

"आणि अंकाची अब्रू? हे बघा, देवाने झाकलंय तर आपण कशाला उघडायचं?"

पत्रं खरोखरच येत होती. आजवर तिच्या गोष्टीवर आलेलं एकमेव पत्र मी लिहिलं होतं, खोट्या नावाने, आणि तिने ते अक्षरावरून ओळखलं होतं. आता अनोळखी माणसं लिहीत होती. मग एका साहित्य संस्थेने तिच्या गोष्टीला वर्षातली उत्तम कथा म्हणून बक्षीस जाहीर केलं. पाठोपाठ एका प्रकाशकाचा फोन आला. तुमचा कथासंग्रह काढतो, म्हणाले, आणि नाव या गोष्टीचंच, 'कडी', ठेवू. फक्त बाकीच्या गोष्टींचे शेवटही जरा असेच तोडून द्या.

"म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे शेवटची पानं काढून टाका. तीच तुमची शैली आहे."

फोन ठेवून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि नंतर ते पाणी थांबेचना. पुस्तक म्हणजे तिचा जीव की प्राण. दुसऱ्यांची पुस्तकं हातात घेऊन त्यांच्या कण्यावरून ती बोट फिरवते, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

"घेऊन टाक," मी तिला म्हटलं. "हसून घे. एकदा पुस्तक निघू दे, मग दुसऱ्या आवृत्तीत घाल ते पान. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"आणि तोवर आई ताट घासत बसतील?"

मशीनचा पट्टा तुटला तर मी जोडू शकतो. इथे माझ्या हाताला काम नव्हतं.

समारंभाच्या दिवशी आई येणार नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. बायको तिच्या पुढ्यात जमिनीवर बसली. "तुम्ही नाही आलात तर मीही जात नाही. पाठवू दे त्यांना बक्षीस टपालाने. सगळं टपालानेच येतं माझं." आईने आपली पिशवी जवळ ओढली आणि म्हणाली, "माझा चष्मा कुठे ठेवलाय?"

सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती. पहिल्या रांगेत प्रकाशक होते, मंचावर संपादक, आणि बोलायला उभे राहिले ते परीक्षक, एक प्राध्यापक. गोड बोलणारा माणूस होता, मला राग आला नाही. पण ते म्हणाले, "ती परत येत नाही! या एका नकारामुळे ही कथा मोठी झाली आहे. परत आली असती, तर चार भिंतींतली आणखी एक रडकथा झाली असती." टाळ्या पडल्या. आईने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले आणि मान खाली घातली.

मग बायकोचं नाव पुकारलं. ती माईकसमोर उभी राहिली. काउंटरवरून नंबर पुकारून पुकारून तिचा आवाज खणखणीत झाला आहे. माईक नसता तरी चाललं असतं.

"सरांनी माझी गोष्ट इतकी मनापासून वाचली, त्यांचे आभार," ती म्हणाली. "पण त्यांनी वाचली ती पुरी नाही. शेवटचं पान छापायचं राहून गेलं. तीन फुल्यांमुळे घोळ झाला. दोष कुणाचा नाही. पण ती बाई परत येते."

लोक हसले. ही गंमत आहे असं त्यांना वाटलं असावं. संपादक छताकडे पाहू लागले. परीक्षक अर्धवट उठले. "बाई, अहो, पण कलेच्या दृष्टीने हाच शेवट—"

"असेल, सर. हा शेवट चांगला असेलही. पण माझा नाही. आणि तिचा तर नाहीच नाही." तिने पर्समधून कागद काढला. घडी उलगडली. "ती गेली हे खरं आहे. जावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून मी ते लिहिलं. पण ती परत कशी आली ते सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बक्षीस द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पान मी वाचणार."

आणि तिने वाचलं. बागेतल्या बाकावर एकटी बसलेली बाई. तिने स्वतःसाठी घेतलेलं आईस्क्रीम, ते संपवण्याची तिला वाटलेली घाई आणि मग कुणी बघत नाही हे कळल्यावर मुद्दाम लावलेला उशीर. शाळा सुटलेली पोरं. उतरत गेलेलं ऊन. घराकडे वळल्यावर आधी जड पडलेली आणि मग आपोआप भरभर पडू लागलेली पावलं. शेवटी ती खोलीत येते, आणि अंथरुणावरचा नवरा डोळे उघडून विचारतो:

"आलीस?"

"आले."

"बरं केलंस, जाऊन आलीस ते. वारं होतं का बाहेर?"

"होतं. छान होतं."

एवढंच. तिने कागदाची घडी केली. माझा ऊर भरून आला होता, आणि हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. माझी बायको एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या गोष्टीच्या बाजूने एकटी उभी होती. राणी सिंहासनावर बसून काय दिसेल, अशी दिसत होती.

टाळ्या तुरळक पडल्या. परीक्षक आणि संस्थेचे अध्यक्ष एकमेकांच्या कानाशी लागले. मग अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, की या नव्या माहितीचा समिती विचार करील आणि निर्णय कळवील. मानचिन्ह टेबलावर तसंच राहिलं. प्रकाशकांनी आपली बॅग उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेले. ते पुस्तक पुढे निघालं नाही.

मी आईकडे वळलो. तिचे ओठ हलत होते.

"तुझ्या वडिलांना बोलता कुठं येत होतं?" ती म्हणाली.

"नव्हतं येत."

"पहिल्याच दिवशी वाचा गेली त्यांची. जाईपर्यंत एक अक्षर नाही."

आता ही पुन्हा रुसली, असं मला वाटलं. "अगं, गोष्ट आहे ती. जरा इकडचं तिकडे होणारच," मी म्हटलं.

"ते कळतं रे मला." तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. "पण हिला कसं कळलं?"

"काय?"

"मी त्या दिवशी खोलीत आले, दिवा लावला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. केवढा वेळ. 'आलीस?' एवढं तरी विचारतील म्हणून."

बायको मंचाच्या पायऱ्या उतरत होती. दोन्ही हात रिकामे होते. लोक तिला वाट देत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. आईने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पुढच्या खुर्चीला धरून आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर उठली, आणि सून जवळ येईपर्यंत उभी राहिली.