एकतीस नंबरचं पातं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला तेव्हा तो चाकूखोलीच्या खिडकीमागे उभा होता आणि खिडकीसमोर रांग लागली होती. मासे कापून त्यांचे बिनकाट्याचे तुकडे करणाऱ्या त्या कारखान्यात कामाची पाळी सुरू होताना प्रत्येकाला आपापल्या नंबरचा चाकू द्यायचा, पाळी संपली की मोजून परत घ्यायचा, हे त्याचं काम. धार लावणं, झिजलेलं पातं बाद करणं, नवं मागवणं, हेही तोच बघायचा. पोलादाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून सगळे त्याला पोलादच म्हणत.

बायको दवाखान्यातून बोलत होती. आई गेली म्हणाली. झोपेतच गेली, नर्स ताप बघायला आली तेव्हा कळलं. लगेच या, ताईंनाही घेऊन या, असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग त्याने अठ्ठावीस नंबर दिला. एकोणतीस दिला. तीस नंबरवालीने मूठ चिकट लागते म्हणून कुरकुर केली, ती पुसून दिली. तिच्या मागे ताई होती.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. मासे पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याशी बावीस वर्षं उभी राहून तिचे गुडघे गेले होते, पण हात अजून सफाईने चालायचा. खिडकीशी येऊन ती म्हणाली की जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन येते, आईला सूप करून आणलंय, काल दोन चमचे घेतले होते तिने. तो ऐकत होता. सांगायला हवं हे त्याला कळत होतं, आज वार कुठला हे कळावं तसं. त्याने खणातून एकतीस नंबर काढला आणि मूठ तिच्याकडे करून पुढे केला.

"जपून वापर. नवीन आहे."

ताई गेली. बत्तीस नंबर पुढे आला.

ते नवे बारा चाकू त्याच्याच हट्टाने आले होते. पूर्वी इथे साध्या कार्बन पोलादाचे चाकू असायचे. चार हात मारले की धार यायची, पण खाऱ्या पाण्याने तासाभरात काळे पडायचे, आणि सुट्टीच्या दिवशी कुणी ओले ठेवले तर गंजायचे. मग न गंजणारे आले. ते मऊ. वाकायचे पण तुटायचे नाहीत, मात्र दिवसातून तीनदा धार लावावी लागायची आणि त्याच्या मनगटाची वाट लागायची. हे नवे पावडर दाबून केलेल्या पोलादाचे. कडक. धार आठवडाभर जात नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं.

दहाच्या सुमाराला पट्टा थांबला. मुकादमीण चाकूखोलीत आली आणि म्हणाली, "एकतीसचा टवका उडालाय."

ताई पट्ट्याशी चाकू आडवा धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. माशाच्या मधल्या काट्यावर पातं अडकलं, तिने जरा पिळलं, एवढंच झालं होतं. पात्याच्या टोकाजवळ तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. तो दाणा कुठल्या तरी तुकड्यात होता, आणि तो तुकडा कुणाच्या तरी ताटात जायचा होता.

पुढचे दोन तास सगळे तेच शोधत होते. ट्रे एकेक करून क्ष-किरणांच्या यंत्रातून जात होते. मोरीच्या जाळ्या काढून झाल्या, एप्रन झटकून झाले. कुणीतरी म्हणालं, पोलादनेच गिळला असेल, आवडतो त्याला, एकदोघी हसल्या. मॅनेजर आले. हे चाकू का घेतले, असं त्यांनी विचारलं. तो सांगू लागला. कडकपणा वाढवला की चिवटपणा कमी होतो, हे त्याला माहीत होतं. काट्यावर पिळलं तर टवका जाणार, हेही माहीत होतं. धारेच्या मोहात पडलो, चूक माझी. तो न अडखळता बोलत होता. एवढं बोलता येतंय याचंच त्याला नवल वाटलं. ताई मध्येच म्हणाली की चूक तिची, हात तिने पिळला. तो म्हणाला, तुझी नाही.

बाराला दहा कमी असताना यंत्र थांबलं. पडद्यावर एका तुकड्याच्या कडेला पांढरा ठिपका दिसत होता. त्याने चिमट्याने टवका काढला, धुतला, खाचेशी लावून पाहिला. बरोबर बसला. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. बाराही कडक चाकू आजच बाद करा म्हणाले आणि वर निघून गेले.

ताई हात धुऊन सुपाचा डबा घेऊन आली. उशीर झाला, आता पळते म्हणाली.

"ताई, आई गेली."

तिने डबा खिडकीच्या फळीवर ठेवला. "कधी?"

"सकाळी. सातला फोन आला."

तिची डोक्यावरची जाळीची टोपी काढायची राहून गेली होती.

"मला चाकू दिलास तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी सुपाचं सांगत होते."

"हो."

तिने डबा परत उचलला. दोघं बसने दवाखान्यात गेली. ती खिडकीजवळ बसली, तो दाराजवळच्या सीटवर. दवाखान्याच्या दारात बायको वाट बघत होती. ताई तिच्या गळ्यात पडून रडली. त्याने कागदांवर सह्या केल्या.

आठवड्याने तो कामावर आला. मधल्या कडकपणाचं, न गंजणारं पोलाद मागवलं. दर दोन दिवसांनी धार लावावी लागायची, पण टवके उडत नव्हते. ताई रोज खिडकीशी यायची, चकार शब्द न काढता चाकू घ्यायची, संध्याकाळी परत द्यायची. महिनाभर असंच चाललं. मग एकदा तिने सांगितलं की आईची खोली रविवारी रिकामी करून द्यायची आहे, कपाट तिला एकटीला हलणार नाही.

तो गेला. कपडे पोत्यांत भरले, औषधं वेगळी काढली. ताईने एक शाल घडी करून बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला अजून राग आहे तुझा."

"असू दे," तो म्हणाला.

कपाट लाकडी होतं, जड. लिफ्टमध्ये मावेना. दोघांनी ते जिन्यावरून उतरवायला घेतलं, तो खालून, ती वरून, दर वळणावर टेकवत. दुसऱ्या मजल्यावर टेकवलं, आणि पुन्हा उचलायची वेळ आली तेव्हा तो आईच्या कपाटाला डोकं टेकवून उभा राहिला.

ताई वरून बघत होती. "बस जरा," ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. कपाट जिन्यात आडवं होतं, वरून येणारे अडले होते, ताई त्यांना थांबा म्हणत होती. तो बराच वेळ उठला नाही.