पोळपाटावरची इंग्रजी

मी पोळपाट बोलतोय. हसू नका, मी इंग्रजी शिकवलीय!

कामशेतच्या सुताराने मला घडवलं. १९४८ साली लोणावळ्याच्या बाजारात जेठीने मला घेतलं. ती सिंधहून आलेली निर्वासित. नवरा वाटेतच गेला होता, पदरी दोन मुली होत्या. दूध विकणाऱ्या झुंबरबाईंच्या खोलीत भाड्याने राहून ती दिवसभर माझ्यावर पापड लाटायची.

गावातल्या शालूबाई कलकत्त्याला शिकून नुकत्याच परतल्या होत्या. निर्वासित बायकांना इंग्रजी शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. वर्गाला कुणी फिरकेना, तेव्हा त्या पुस्तक घेऊन जेठीकडेच आल्या.

"अदी," जेठी म्हणाली. ताईला सिंधीत अदी म्हणतात. "पापड थांबला तर चूल थांबेल."

शालूबाईंनी पुस्तक मिटलं, माझ्यावर पीठ भुरभुरवलं आणि बोटाने अक्षरं काढली. जेठीने ती मोठ्याने वाचायची, मग त्यावरच लाटणं फिरवायचं. एका लाटीला एक वाक्य.

झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "इंग्रज गेला, आन् तुमी त्येची बोली पिठात मळताय व्हय?"

पावसाळा सरताना एका मुलींच्या वसतिगृहाला स्वयंपाकीण हवी होती. काम मिळालं तर राहायला खोलीही मिळणार होती. नाहीतर, पापडांवर तिघींचं भागेना म्हणून, एक मुलगी अजमेरला जाणार, दुसरी इंदूरला, नातलगांकडे. वसतिगृहाच्या मडमेला इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं.

हाताची करामत दाखवायला जेठीने मला, लाटणं आणि पापडाच्या लाट्या बरोबर नेल्या; शालूबाईही सोबत आल्या.

"व्हॉट इज युवर नेम?" मडमेने विचारलं.

जेठी गप्प. हात मांडीवर, नजर जमिनीवर. मडमेने पुन्हा विचारलं.

शालूबाईंचा चेहरा उतरला. रिकाम्या हातांनी बोलायला त्यांनी जेठीला कधी शिकवलंच नव्हतं! त्या उठल्या, मला मेजावर ठेवलं आणि पुढ्यात लाटी ठेवली.

"लाट गं, जेठी."

लाटणं फिरलं. "माय नेम इज जेठी."

दुसरी लाटी. "आय हॅव टू डॉटर्स."

तिसऱ्या लाटीला लाटणं असं दाबलं की माझे पाय करकरले. "दे स्टे विथ मी!"

हे वाक्य शालूबाईंनी शिकवलं नव्हतं. तिने स्वतः जुळवलं होतं.

मग मान वर करून तिने विचारलं, "अँड यू, मॅडम? व्हॉट इज युवर नेम?"

मडम आधी चमकली, मग मोकळी हसली. तिने नाव सांगितलं आणि खोलीची किल्ली मेजावर ठेवली.

मुली कुठेच गेल्या नाहीत.

जेठी सामान हलवत होती, तेव्हा झुंबरबाई पदर खोचून माझ्यासमोर बसल्या. "शालूबाई, मलाबी शिकवा. त्या मडमीला माजं दूध पातळ न्हाई म्हून सांगायचंय!"

आता मधोमध झिजलोय मी, एक पाय डुगडुगतो. पण तुमच्या गल्लीत कुणी परमुलखातून आलं असेल, तर त्यांना घेऊन या. माझ्यावर अजून जागा आहे.