आराध्ये सरांच्या फोटोवरचा हार

मी एक हार. चंदनाचा. वाचता वाचता तुमचे हात आपोआप जुळायला निघाले असतील तर थांबा. त्या घाईचीच ही गोष्ट आहे.

खरं म्हणजे मी चंदनाचासुद्धा नाही. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानात मी टांगलेला होतो, तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "मैसूर का माल है साहब, सूंघ के देखो!" मैसूर मी पाहिलेलं नाही. कुठल्या तरी पांढऱ्या लाकडाचे छिलके काढले, वळवले, दोऱ्यात ओवले, अत्तराच्या पाण्यात बुचकळले आणि मधूनमधून लाल लोकरीचे गोंडे लावले. झालो मी. पण चारचौघांत मैसूरचा म्हटलं की आपणही मैसूरचं असल्यासारखं वागायला लागतो. माणसांत हे जास्त दिसतं, हारांत थोडं कमी.

मला विकत घेतलं प्रा. नारायण आराध्ये सरांनी. ते आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि 'धोटा' नावाचं वार्षिक काढायचे. मागावर उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळतो तो धोटा. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी त्याची खटखट चालायची, म्हणून सरांनी अंकाचं नावच ते ठेवलेलं. दरवर्षी अंकाच्या प्रकाशनाला पाहुणे यायचे, फुलांचा हार गळ्यात पडला की लगेच काढून टेबलावर ठेवायचे, आणि भाषण संपेपर्यंत त्याचा पाला व्हायचा. सरांना ते बघवेना. म्हणून मी. गळ्यात घाला, टाळ्या वाजवा, फोटो काढा. पाहुण्यांनी मला उतरवून ठेवलं की धुळाप्पा शिपाई हळूच उचलणार. पुढच्या वर्षी पुन्हा नवा!

किती माना पाहिल्या मी! एका पाहुण्यांचं डोकं एवढं मोठं, की मी कानांवरच अडकलो आणि त्यांनी अख्खं भाषण मुंडावळ्या बांधल्यासारखं केलं. खोटं वाटतंय? त्या वर्षीच्या अंकात फोटो आहे. अंक मात्र आता कुठं मिळायचा नाही.

सरांची एक खोड होती. अंकात जागा थोडी, लिहिणारी पोरं फार. ज्यांचं लेखन घेता यायचं नाही, त्यांची नावं सर शेवटच्या पानावर छापायचे. वर मथळा, 'यांनीही लिहिलं'. त्या पानासाठी पोरं अंक घरी न्यायची. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी आपलं नाव बोट ठेवून दाखवायची.

सर निवृत्त झाले. पोरांनी त्यांचा मोठा फोटो काढून, फ्रेम करून विभागात लावायचं ठरवलं. आमच्या विभागाची भिंत काळ्या दगडाची. तिच्यात एकच खिळा कसाबसा शिरला होता, आणि त्यावर मी राहायचो. धुळाप्पानं दुसरा खिळा ठोकून पाहिला, तो वाकला. तिसरा उडून कपाटामागं गेला.

"आता वो कसं सर?" धुळाप्पा म्हणाला.

"अरे, एकावरच टांग दोन्ही. मला काय हाराचं वावडं आहे?" सर हसत म्हणाले.

त्यानं खिळ्यावर आधी फोटो अडकवला, वरून मला. मी घरंगळून फ्रेमच्या दोन्ही अंगांनी खाली आलो. छान दिसत होतो. सरांनी स्वतःच्या फोटोकडे पाहून मान डोलावली, पिशवी उचलली आणि ते वैरागला, आपल्या गावी, राहायला गेले.

पुढं कसं झालं सांगतो. धुळाप्पा निवृत्त होऊन करकंबला शेतावर गेला. सरांबरोबरचे प्राध्यापक एकेक करून गेले, कुणी घरी, कुणी बदलीवर. 'धोटा' कधी निघाला, कधी नाही. निघाला तरी वैरागला प्रत पाठवायची कुणाला आठवण राहिली नाही. सर पहिली काही वर्षं पोस्टमनला विचारायचे म्हणे. मग विचारायचं सोडलं. मी मात्र तिथंच. प्रकाशनापुरता उतरायचो, पुन्हा फोटोवर. हळूहळू लोक दारातून आत येताना चपला काढायला लागले. एक मॅडम तर गुरुवारी उदबत्ती लावायच्या. तेव्हाच मला कसंतरी व्हायला लागलं होतं.

मग यंदाचं संपादक मंडळ आलं. मंडळ म्हणजे तिघं. अनिलकुमार सर, तासिका तत्त्वावर शिकवणारे, दरवर्षी पुन्हा घेतील की नाही या धाकात असलेले. शिवकुमार, वळसंगचा, मुद्रकाशी भांडायच्या कामाचा. आणि उत्कर्षा, जिला खरोखर लिहिता यायचं.

उत्कर्षानं जुने 'धोटा' कपाटातून काढले आणि वाचत सुटली. 'यांनीही लिहिलं' हे पान तिनं पाहिलं तेव्हा ती एकेका नावावरून बोट फिरवत राहिली. मग फोटोकडे बघून म्हणाली, "सर, हे आराध्ये सर कधी गेले हो?"

अनिलकुमार सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मी आलो तेव्हापासून हार आहे."

"आमच्या चुलत्याच्या टायमाला बी हुता की," शिवकुमार म्हणाला. "लई जुनं हाय ते."

"यांच्यावर श्रद्धांजली कुणी लिहिलेलीच नाही," उत्कर्षा म्हणाली. "सगळे अंक बघितले मी. एवढा माणूस, आणि एक ओळ नाही."

नसणारच! माणूस वैरागला दुपारचं जेवण करून सुपारी कातरत होता. मी ओरडलो. म्हणजे हारानं जेवढं ओरडता येतं तेवढं, एक गोंडा हलवला. पंख्याचं वारं असेल म्हणून शिवकुमारनं पंखा कमी केला.

ऑफिसात विचारलं असतं तर कळलं असतं, तिथं पेन्शनचे कागद असतात. पण ऑफिसात काही विचारायचं म्हणजे आधी अर्ज. आणि फोन कुणी लावायचा? हार घातलेल्या माणसाला कुणी फोन लावत नाही.

"तारीख टाकावी लागंल की वो," शिवकुमार म्हणाला.

"श्रद्धांजलीत तारीख लागतेच असं नाही," अनिलकुमार सर म्हणाले. "काळाच्या पडद्याआड गेले, एवढं पुरतं."

उत्कर्षानं लेख लिहिला. मी तो वरून वाचत होतो, आणि एका बाजूनं लाजेनं आकसत होतो, तर दुसऱ्या बाजूनं ऊर भरून येत होता. कारण लेख खरा होता. 'सर, आम्ही तुम्हाला पाहिलं नाही. तुम्ही नाकारलेल्या मुलांनाही पान दिलंत. तुमच्या अंकात जागा न मिळालेल्यांत माझी आई होती. तिचं नाव आज मला सापडलं.' एकच गोष्ट त्यात खोटी होती, आणि तिचा पुरावा म्हणून मी लटकत होतो.

अंक छापून झाला. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी शिवकुमारनं तो हौसेनं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर वैरागला जे घडलं ते मी पुढं सरांच्या पत्नीच्या, गोदावरीबाईंच्या, तोंडून ऐकलं. सकाळी सकाळी बाजारपेठेतला एक जुना विद्यार्थी पडलेल्या चेहऱ्यानं दारात आला. दार सरांनीच उघडलं.

"कोण रे? ये की आत. चहा घेणार?"

तो पोरगा उंबऱ्याबाहेरच मटकन बसला. आधी पाणी त्याला द्यावं लागलं. त्याच्याच मोबाइलवर सरांनी आपली श्रद्धांजली वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग बाईंना म्हणाले, "अगं, आवर. आपल्याला सोलापूरला जायचंय. 'धोटा' निघतोय."

"तुमच्या जिवावर उठलेत ते, आणि तुम्ही प्रकाशनाला निघालात?"

"बोलावणं नाही, पण नाव आहे ना अंकात."

कार्यक्रमात सरस्वतीशेजारी सरांचा फोटो मांडलेला, फोटोवर मी. समोर सभागृह भरलेलं. आणि शेवटच्या रांगेत, एसटीच्या धुळीनं माखलेले, फोटोतल्यापेक्षा बारीक झालेले, पण तेच! मला विकत घेताना ज्यांनी नाक लावून वास घेतला होता, ते नाक मी विसरेन? शेजारी गोदावरीबाई, पदर घट्ट लपेटून.

पाहुण्यांच्या सत्काराची वेळ आली आणि लक्षात आलं की दुसरा हार नाही. शिवकुमारनं पटकन मला फोटोवरून ओढलं आणि पाहुण्यांच्या गळ्यात घातलं. चला, सुटलो, म्हटलं मी. पण पाहुणे पडले नम्र! त्यांनी मला उतरवलं, "हा मान माझा नाही," असं म्हणत फोटोपाशी गेले आणि स्वतःच्या हातानं मला पुन्हा सरांना घातलं. टाळ्यांचा कडकडाट. एका जिवंत माणसाला एका दुपारी दोनदा मारणारा हार माझ्याशिवाय दुसरा दाखवा.

मग दोन मिनिटं स्तब्धता. सगळे उभे राहिले. शेवटच्या रांगेत आराध्ये सरही मान खाली घालून उभे राहिले.

गोदावरीबाईंनी त्यांचा सदरा ओढला. "बसा हो खाली!"

"सगळे उभे आहेत," सर पुटपुटले. "एकट्यानं बसून राहणं बरं दिसत नाही."

बाई बसूनच राहिल्या. सबंध सभागृहात तेवढ्या एकट्या बसलेल्या, आणि त्यांचे डोळे माझ्यावर. माझ्याकडे आयुष्यात कुणी असं पाहिलेलं नाही. त्या वेळी माझा उरलासुरला वासही उडाला.

उत्कर्षानं लेख वाचला. आईचं नाव तिनं दोनदा वाचलं. शेवटच्या रांगेत सरांनी चष्मा काढून हातात धरला. टाळ्या थांबल्यावर अनिलकुमार सर म्हणाले, "सरांबद्दल कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..."

मागून हात वर झाला.

"या काका, या."

काका आले. पायऱ्या चढले. फोटोशेजारी, माझ्याशेजारी उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तो शहारा मागच्या भिंतीपर्यंत गेलेला मी पाहिला.

"मी नारायण आराध्ये," सर म्हणाले. "लेख उत्तम आहे. एक दुरुस्ती आहे, पण ती लेखिकेची चूक नाही. तिनं जे समोर दिसलं त्यावर विश्वास ठेवला." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

अनिलकुमार सर पायांवर पडले ते उठेनात. पाहुण्यांना अचानक गाडीची वेळ आठवली. उत्कर्षा तिथंच होती, हातातला अंक छातीशी धरून. ना रडू येत होतं, ना पळता येत होतं.

नंतर विभागात सगळे जमले. अंकांचे गठ्ठे टेबलावर. गोदावरीबाई पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलल्या.

"हे पान मला एकाही अंकात नको."

"अगं, माझ्यावर आजवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती," सर म्हणाले. अगदी बारीक आवाजात. तेव्हा मला कळलं की हा माणूस दुरुस्ती करायला आलाच नव्हता. तो आपल्यावरचा लेख स्वतःच्या कानांनी ऐकायला आला होता. "राहू दे की. काय बिघडलं?"

"तुमचं काही बिघडणार नाही. सकाळी निघेपर्यंत दारात आलेल्या प्रत्येकाला पाणी मी दिलंय."

उत्कर्षानं टेबलावरची पोलादी पट्टी उचलली. अंक उघडला, पट्टी दाबून धरली आणि आपलं पान फाडलं. मग पुढच्या अंकातलं. शिवकुमार खाली बसून फाडायला लागला, अनिलकुमार सरही. शेवटी आराध्ये सरांनीही एक गठ्ठा ओढून घेतला.

"माझ्या घरी ये," फाडता फाडता ते उत्कर्षाला म्हणाले. "पुन्हा लिही. आता बघून लिही."

"नाही जमणार सर," ती म्हणाली. "जिवंत माणसावर लिहिलं की तो वाचतो."

सर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या भिंतीपाशी गेल्या, जिथं मला पुन्हा अडकवलेलं होतं. टाचा उंचावल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत कोंबलं. पिशवीच्या तोंडातून मी पाहिलं. निघताना बाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून, फाडलेल्यांपैकी एक पान उचललं, चार घड्या घातल्या आणि माझ्याखाली सरकवलं.

आता मी वैरागला असतो, बाईंच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत. कसर लागू नये म्हणून. मला वास नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण मला टाकून द्यायचं त्यांच्या हातून होत नाही, आणि भिंतीवर लावायचं तर नावच नको. बरोबरच आहे. माझी तेवढीच लायकी. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, एखाद्या फोटोवर माझा कुणी भाऊबंद दिसला तर हात जोडायच्या आधी एक फोन लावून बघा. लागला तर भांडा, शिव्या खा, पण लावा.

दुपारी कधी कधी ट्रंकेचं झाकण उघडतं. बाईंचा हात आत येतो. आता मला खरंच फोटोवर घालायला काढतात की काय, असं वाटतं. मी एकदा खोटा ठरलो, तसाच खोटा राहू दे, एवढंच मनात म्हणत राहतो. हात माझ्यावरून पुढं सरकतो, खालचं पान काढतो. बाई ते उघडतात. बाहेरच्या खोलीतलं घोरणं मध्येच थांबतं. बाई पान तसंच धरून कान देतात. मग घोरणं पुन्हा सुरू होतं, आणि त्या वाचायला लागतात.