हिरड्याची पुडी

पिंपरी पेंढारच्या त्या मळ्यात बुधवारची सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. ओठांत विठ्ठलाचं नाव, हाताखाली भाकरी, असं प्रयागबाईंचं चाललं होतं. पुढच्या दारात खुर्ची टाकून त्यांचा मुलगा भरत मोबाइल चाळत होता. मागच्या दाराशी ठकूबाई आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. घराला कुलूप नव्हतं. त्याची गरजच काय? प्रत्येक दारात मायेचं एकेक माणूस बसलेलं होतं.

"आई, तासाभरात नर्सरीतून येते. कलमं वाळतील," तेजस्विनी म्हणाली.

"कलमं बघाया मानसं हायेत," भरत मान वर न करता बोलला. "तू रईवारचं बघ. पावणं येनार हायेत."

"माझा फोन तरी दे."

"लग्न झाल्यावर नवरा घेऊन दील की नवा," आत्या हसल्या.

कुणीही तिला रागावलं नव्हतं. ताटात तूप जास्तच पडत होतं. तेवीस दिवस हे असंच चाललं होतं.

तेजस्विनी आळेफाट्याजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला होती. रानवांग्याच्या बुडख्यावर टोमॅटोचा शेंडा बसवायचं नाजूक काम तिथं चाले, आणि त्यात सगळ्यांत हलका हात अंजनाचा. अंजना डिंभ्याच्या धरणामागच्या आदिवासी ठाकरवाडीची, बारावी शिकलेली. वाडीच्या पंधरा बायांची टोळी तीच कामावर आणायची. दोन वर्षं दोघी एका टेबलाशी बसल्या. एका डब्यात जेवल्या. आणि एक दिवस तेजस्विनीनं आईला साधं खरं सांगितलं, "आई, मला लग्न करायचं नाही. मला जन्म अंजनाबरोबर काढायचाय."

"पोरीपोरीत जडतं गं मन," आई म्हणाली होती. "लग्न झालं की सुटतं."

"हे तसलं नाही, आई. हे तुझं आणि आबांचं आहे ना, तसलं आहे."

त्यावर चार दिवस घर तिची नजर चुकवत राहिलं. पाचव्या दिवशी तेजस्विनीच्या पिशवीत भरतला कागदाची एक पुडी सापडली. आत काळपट, सुरकुतलेलं काहीतरी. त्या पुडीनं घराचा अडकलेला श्वास मोकळा केला.

"बघा! पोरगी वाईट न्हाई आपली," ठकूबाई आत्यांनी कपाळाला हात लावला. "पोरीवर करनी केलीय. या ठाकरांना रानातलं लई ठावं असतं."

किती सोयीचं झालं! मुलीला दोष द्यावा लागला नाही, स्वतःला प्रश्न विचारावा लागला नाही. सगळं पाप डोंगरात नेऊन टाकता आलं. मुलीवरच्या प्रेमापोटीच ही माणसं दुसऱ्याच्या मुलीला चेटकीण ठरवायला निघाली होती.

ठरलेल्या सोयरिकीच्या पाहुण्यांच्या कानांवर कुजबुज गेलीच. त्यांचा निरोप आला: रविवारी खंडोबाच्या देवळात मुलीनं बेलभंडारा उचलावा, त्या बाईनं आपल्याला काय खाऊ घातलं ते चारचौघांत सांगावं, मग आमच्या मनात किंतु नाही. बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन बोललेला शब्द या गावात कुणी फिरवत नाही. तेजस्विनीच्या आबांनी, भगवंतरावांनी, भावाबरोबरचा बांधाचा वाद याच देवळात, याच शपथेवर मिटवला होता.

"आणि अंजनाचं काय?" तेजस्विनीनं विचारलं.

"तिचं काय हुयाचं? नर्सरीतनं काढलंच हाय तिला," भरत म्हणाला. "एकदा नाव फुटलं की त्या वाडीची एक बाई या शिवारात कुनी उभी करनार न्हाई."

शनिवारी दुपारी आई केस विंचरायला बसली. भरत जेवत होता, आत्या पडल्या होत्या. तेजस्विनीनं हळूच विचारलं, "आई, ती पुडी कुणासाठी होती?"

फणी थांबली.

"सप्ताहात तुझा आवाज बसला होता. बुवांच्या मागं तुला गाता येईना म्हणून तू रडलीस. अंजनानं तुझ्यासाठी हिरडा वाळवून दिला होता. आधीची पुडी तू संपवलीस. माझं कुणी ऐकलं नाही, पण तुला माहितीये सगळं."

प्रयागबाईंना कीर्तनाचा मांडव आठवला. देवाच्या दारी कुळ विचारत नाहीत, भाव विचारतात, असं बुवांनी टाळ थांबवून सांगितलं होतं. सगळ्यांत आधी मान डोलली होती ती त्यांचीच.

"एक वाक्य बोल आन सुट, बाळा," त्या पुटपुटल्या. "देव माफ करतो."

"देव करील गं. पण अंजनाची वाडी काय खाईल?"

आईनं पेड ओढून घेतले. वेणी फार घट्ट घातली.

रविवारी देवळासमोर माणसं दाटली. पाहुणे सतरंजीवर, गावकरी पारावर. अंजनाला बोलावून घेतलं होतं. वाडीतल्या बायडाबाईंसोबत ती शेवटच्या पायरीखाली उभी होती. वर ये असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायला हवं होतं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"काय गं, काय चारलं पोरीला?" मागून कुणीतरी फिसकारलं.

"तीच सांगल की आता," अंजना शांतपणे म्हणाली. हातातली पाण्याची बाटली मात्र तिनं छातीशी गच्च धरली होती.

भगवंतरावांनी लेकीच्या तळहातावर बेलपान ठेवलं, वर चिमूटभर भंडारा. पुढं देव, मागं बाप, दोन्ही बाजूंना गाव. एक वाक्य बोललं की तिचा कलंक जाणार होता. आणि दुसरीचा जन्म.

तेजस्विनीनं हात कपाळाला लावला.

"खंडेराया, तुझी शपथ. अंजनानं मला काही खाऊ घातलं नाही. माझ्यावर कुणी काही केलेलं नाही. माझा जीव तिच्यावर आहे, तो माझा मीच लावलाय. तू घडवलीस तशीच मी आहे. कुणा पुरुषाची फसवणूक मी करणार नाही."

"चला राव," पाहुण्यांतला मोठा माणूस उठला.

"खोटं बोलती ही!" भरत हात उगारून पुढं आला. तो हात भगवंतरावांनी वरच्यावर धरला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"थांब. भंडारा उचललाय तिनं."

लेकीची शपथ खोटी म्हणावी, तर स्वतःची बांधावरची शपथ कुठं टिकते?

"मग ही पुडी कशाची?" आत्यांनी कंबरेची पुडी काढून सगळ्यांसमोर फडकवली. "ही काय परसाद हाय?"

प्रयागबाई उठल्या. नणंदेच्या हातातून त्यांनी पुडी घेतली, उघडली, आणि एक हिरडा उचलून तोंडात टाकला.

"अवो वैनी, थुका!"

"माजीच हाय ती पुडी," प्रयागबाई चावता चावता म्हणाल्या. "माज्या घशासाठी धाडली व्हती तिनं. इतकं दिस मला ठावं व्हतं आन मी गप ऱ्हायले. करनी म्हनायची तर माज्या त्या गप बसन्याला म्हना."

तुरट रसानं त्यांना ठसका लागला. त्या एकेक पायरी उतरल्या, थेट शेवटच्या पायरीपर्यंत, आणि तिथंच बसल्या.

"पानी हाय का गं, अंजना?"

अंजनानं बाटली पुढं केली. सगळं गाव बघत असताना प्रयागबाई तोंड लावून पाणी प्याल्या. हिरड्यावर पाणी गोड लागतं.

तेजस्विनीची सुटका झाली, असं इथं लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. ती संध्याकाळी त्याच घरी परतली. पुढच्या दारातली खुर्ची हलली नव्हती. मागच्या दारी मात्र आता प्रयागबाई बसल्या होत्या, आणि ते दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं.

कीर्तनात आपण सगळेच माना डोलावतो, बायांनो, बाप्यांनो. आपल्या घरी कोणत्या दारात कोण बसलंय, ते एकदा उठून बघा.