लाल चिंध्या

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. "काका, धूर!" असं टॅक्सीवाला ओरडला आणि काकांच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानामागच्या खोलीत भांडी घासणारी काकू ओल्या हातांनीच बाहेर धावली.

टॅक्सीचं बॉनेट उघडं होतं. काकांनी बॅटरीला लावलेले केबलींचे चिमटे ओढून काढले होते, पण जळक्या वायरीचा वास गल्लीभर पसरला होता. गाडी नवीकोरी. आतला दिवा चालू राहून बॅटरी उतरलेली. दुकानातल्या बॅटरीचा करंट देऊन ती सुरू करायची, एवढंच काम. असली कामं काका गप्पा मारता मारता करत.

"चिमटे उलटे लागले," काका हळूच म्हणाले.

"उलटे? तुमच्या हातून?"

काकूने खाली पडलेल्या केबलींकडे बघितलं. काकांनी स्वतः बनवलेल्या त्या केबली दोन्ही काळ्या. त्यांतल्या प्लसच्या केबलीला दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधलेली असे आणि काका तेवढं बघूनच चिमटे लावत. परवा दुकान झाडताना त्या चिंध्या तेलाने काळ्याकुट्ट झालेल्या दिसल्या, म्हणून काकूने सोडून धुतल्या आणि वाळल्यावर परत दोन टोकांना बांधल्या. वेटोळ्यातली ती दोन टोकं एकाच केबलीची आहेत का, हे बघायचं तिला सुचलंच नाही.

"अहो, त्या चिंध्या मी..."

"तू चहा टाक," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. त्यांना कळलं होतं, हे तिलाही कळलं.

काकांनी आधी मोठा फ्यूज काढला. तो वितळलेला. दुसरा बसवताच दिवे लागले.

"लागले की हो! माझा तर जीवच गेला होता," टॅक्सीवाला हसला. "काकू, चहात साखर जास्त घाला."

मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर निघाला. तोही जळलेला. काकांनी दुकानातला जुना बसवला, बॅटरी बदलली, एकेक वायर दिवा लावून तपासली. दुपार कलली. किल्ली फिरवली की स्टार्टर फिरे, पण इंजिन काही पकडेना.

"काका, रुसलीय ती. जरा गोड बोला तिच्याशी," समोरचा न्हावी म्हणाला. कुणी हसलं नाही.

शेवटी काका डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि एक पत्र्याची पेटी काढून बाहेर आले. नाकाशी धरून त्यांनी ती खाली ठेवली.

"गाडीचा कॉम्प्युटर. गेला. हे माझ्या हातातलं नाही रे."

कंपनीच्या वर्कशॉपचा माणूस येऊन बघून गेला. बाहेरच्या माणसाने हात लावलाय, कंपनी काही देणार नाही, म्हणाला. नव्या पेटीची किंमत ऐकून टॅक्सीवाला दुकानाच्या पायरीवरच बसला.

"डोळे मिटून किल्ली दिली होती तुमच्याकडे, काका."

"माझंच चुकलं," काका म्हणाले.

काकू दारात उभी होती. ती पायरीवरचे चहाचे कप उचलून आत गेली.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "खरं काय ते त्याला सांगायचं होतंत."

"सांगून गाडी सुरू झाली असती का?" काकांनी शटर ओढलं. "आणि बघून लावायचं काम माझंच होतं."

पेटीचे पैसे काही जमले नाहीत आणि उभी राहून राहून टॅक्सी भंगारात गेली. टॅक्सीवाला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला, पुढे बायकामुलांना घेऊन दुसरीकडे राहायला गेला. न्हाव्याने आपलं दुकान मुलाला दिलं. काकांकडे गाड्या यायच्या थांबल्या, तेव्हा ते एका दुकानात बल्ब विकायला उभे राहू लागले आणि तिथेच म्हातारे झाले. काकू त्यांच्यामागे बरीच वर्षं जगली. चिंध्यांबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही.

बल्बच्या दुकानातून काका संध्याकाळी घरी येत ते स्वच्छ हातांनी. मोरीवर त्यांचा ऑइल काढायचा साबण काकूने बरेच दिवस ठेवला होता. तो वाळला, तडकला, तरी ती त्याच्याभोवतीची फरशी घासून घेई आणि तो होता तिथेच ठेवी.